गायकवाड मॅडमचं बूच

आनंदनगर एमआयडीसीमधल्या आमच्या कंपनीच्या लॅबमध्ये मी पहिल्यांदा पाऊल टाकलं, तेव्हा माझं स्वागत "बूच!" अशा आरोळीने झालं. मी दचकून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं, फक्त दार उघडं राहिलं होतं. गायकवाड मॅडमच्या लेखी दार हेसुद्धा एक बूच होतं. बाटली, डबा, बडबड्या माणसाचं तोंड, सगळ्याला बूच असतं आणि ते लावायचं असतं. चहाच्या कपावरसुद्धा त्या बशी झाकून ठेवत, घोटापुरती उचलत आणि पुन्हा झाकत.

मॅडम उल्हासनगर कॅम्प पाचच्या. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून जो जिथून येई तेच त्याचं नाव. मी 'बदलापूर', शेजारच्या टेबलावरचा पवार जांभूळ गावचा, म्हणून 'जांभूळ'. शेठ मात्र त्यांच्याच कॅम्पातले सिंधी, म्हणून त्यांना 'साईं'.

त्यांचं काम ऐकायला साधं होतं. दोन द्रव एकत्र उकळायचे, वाफ थंड करून पुन्हा त्यातच सोडायची, आणि तापमान हलेनासं होईपर्यंत हे चालू ठेवायचं. मग एक नमुना खालच्या द्रवाचा, एक वाफेच्या थेंबांचा. दोन्हींत कोण किती आहे ते कळलं की प्रत्येकाचा गॅमा काढता येतो. गॅमा मी कॉलेजात घोकला होता, कळला तो मॅडमकडून.

"अगं, सोपं आहे. आपल्यासारख्याच मंडळींत बसला असता तर हा द्रव जेवढा पळाला असता, त्याच्या किती पट या सोबतीत पळतो, तो गॅमा. एक आला तर सोबतीचं काही वाटत नाही. एकाच्या वर गेला, तर सोबत नकोशी."

"आणि एकाच्या खाली?"

"म्हणजे जीव जडला. आपल्या एमआयडीसीत क्वचित."

मग काय, कंपनीत एकही माणूस मोजायचा सुटला नाही. घरच्या मिस्टरांचा गॅमा विचारला तर म्हणाल्या, "एरवी एक. माझी बहीण राहायला आली की तीन." कुणी भांडण घेऊन आलं की दुसऱ्या बाजूलाही बोलावून घेत. "दोन द्रवांचे गॅमा सुटे सुटे बदलत नाहीत. एकाचा चढला की दुसऱ्याचा त्या हिशेबात उतरायलाच हवा. नवरा-बायकोच्या तक्रारी तशा एकमेकींना लागून आल्या नाहीत, तर कुणीतरी फेकतंय असं समज."

त्या निवृत्त व्हायच्या होत्या त्याच वर्षी एका गिऱ्हाईकाचं काम आलं. वापरलेल्या ॲसिटोनमध्ये आणखी एक द्रव मिसळलेला होता, त्याचं नाव करारामुळे मी आजही लिहीत नाही. दोघांना उकळून वेगळं करायला पोलादी कॉलम, म्हणजे उंच नळकांडं, उभारायचा होता आणि त्याची उंची मॅडमच्या आकड्यांवर ठरणार होती. मॅडमची ही शेवटची मोजणी. आणि नेमके हेच आकडे त्यांच्या कसोटीला उतरेनात. तीनदा मोजलं, तरी दोन गॅमा एकमेकांशी पटायला तयार नाहीत.

गुरुवारी शेठ स्वतः लॅबमध्ये आले. "मॅडम, नंबर दे दो ना. फॅब्रिकेटर डोक्यावर बसलाय."

"साईं, आकडे आहेत. खरे नाहीत."

"अरे, थोडा उन्नीस-बीस चलता है."

"वाफेला नाही चालत."

शेठनी सुस्कारा सोडला. "शनिवारी सकाळी ड्रॉइंग जाणार. तोपर्यंत नाही जमलं तर कॉम्प्युटरचा अंदाज देऊन टाकतो." आणि गेले. म्हणजे सगळा जन्म मोजण्यात गेला आणि शेवटचा कॉलम उभा राहणार अंदाजावर! मॅडमचा चहा बशीखाली तसाच गार झाला. मला फार वाईट वाटलं.

दुपारी त्यांनी पुन्हा उकळायला लावलं. तापमान स्थिरावलं. वाफेचा नमुना त्यांनी छोट्या बाटलीत घेतला, आणि तेवढ्यात जांभूळ दार सताड उघडं टाकून आत आला.

"बूच!" मॅडम कडाडल्या. मग दार उघडं ठेवणाऱ्यांच्या सात पिढ्यांवर त्यांचं भाषण सुरू झालं. एक हात हवेत नाचत होता आणि त्या हातात होतं बाटलीचं बूच. दुसऱ्या हातातली बाटली तोंड वासून उभी, आणि आतलं ॲसिटोन उडून मजेत घरी चाललेलं. दिवसभरात दार दहा वेळा उघडायचं, आणि दर वेळी हेच होत असणार!

माझी नोकरी पक्की व्हायची होती. तरी कशीबशी बोलले, "मॅडम... बूच."

मॅडमनी बाटलीकडे पाहिलं, मग हातातल्या बुचाकडे. आणि स्टुलावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटल्या. "अगं बाई! म्हणजे फेकणारी मीच!" लगेच शेठना फोन. "साईं, चोर सापडला. मीच!"

एमआयडीसीची शुक्रवारची सुट्टी सोडून आम्ही तिघं लॅब उघडून बसलो. जांभूळने मुद्दाम दोनदा दार उघडं टाकलं, हलकट कुठला. मॅडमचे ओठ थरथरले, मान लाल झाली, पण बाटलीला बूच लागेपर्यंत शब्द फुटला नाही. संध्याकाळी दोन्ही गॅमा एकमेकांना बिलगून आले. शनिवारी ड्रॉइंगबरोबर मॅडमचेच आकडे गेले.

तो कॉलम आता लॅबच्या खिडकीतून दिसतो. निरोपाच्या दिवशी मी धीर करून विचारलं, "मॅडम, तुमचा-माझा गॅमा किती हो?"

"मोजल्याशिवाय मी काही सांगत नाही, ठाऊक आहे ना?" त्यांनी पर्स उचलली. दारापर्यंत जाऊन थांबल्या. "एकाच्या खाली गं, बदलापूर. बराच खाली."

आणि दार उघडं टाकून गेल्या.

माझ्या हातात नमुन्याची बाटली होती. डोळे भरले होते, बूच सापडेना. आधी ते लावलं. मग त्या रिकाम्या दाराकडे बघून, होता नव्हता तेवढा आवाज काढून मी ओरडले.