मसऊदावरचा आळ

बूश्ता आठ वर्षांचा असताना बा जिलाली त्याला पहिल्यांदा भेटले. भेटले म्हणण्यापेक्षा कोसळले म्हणावं. साफी या बंदराच्या गावातल्या कुंभारटेकडीखालच्या गल्लीत आधी एक खोकला शिरला. थंडीत चालू न होणाऱ्या लॉरीला चारजण ढकलत असावेत, तसा तो खोकला होता. त्याने पुदिनावालीच्या जुड्या थरथरल्या, दोन कोंबड्यांनी अवेळी अंडी दिली, आणि वरच्या मजल्यावर वाळत घातलेले पायजमे भिऊन आपणहून आत गेले, असं गल्लीत अजून सांगतात. खोकल्यामागून कुबडीचा ठोका आला, ठोक्यामागून मिशा आल्या. मिशा वळणावरून पुरत्या आत आल्या, तेव्हा कुठे त्यांच्यामागचा माणूस दिसला.

बूश्ता त्या वेळी सुतळीने गाडी ओढत होता. सार्डिन माशांच्या एका डब्याची गाडी, चाकं सोड्याच्या बाटल्यांच्या बुचांची. त्याची आई तामू मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यात होती आणि पोचे पडलेले डबे घरी आणायची. ते साबणाने धुवा, राखेने घासा, लिंबू चोळा, वास जायचा नाही. त्यामुळे बूश्ताच्या गाडीमागे नेहमी मांजरांची वरात असे.

बा जिलालींनी कुबडी रस्त्यात आडवी धरली.

"थांब. गाडी कुणाची?"

"माझी."

"ब्रेक?"

"नाहीत."

"आरसा?"

"नाही."

"आणि ही मागची मंडळी? तिकिटं काढलीत का यांनी?"

बूश्ताने वळून मांजरांकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

"रडू नकोस, मालेम," बा जिलाली म्हणाले. मालेम म्हणजे कारागिरांतला उस्ताद, आणि बूश्ताला तोवर कुणी धड 'ए मुला' असंही म्हटलेलं नव्हतं. "गाडी झकास आहे. चाकं मात्र भिकार आहेत. गाडी इंजिनावर चालते असं तुला कुणी सांगेल. तो गाढव. गाडी रबरावर चालते."

त्या दिवसापासून बूश्ता त्यांच्या ओट्याला चिकटला.

बा जिलालींनी सगळी उमर लॉरी हाकली होती. उजवा पाय अपघातात गेला होता, म्हणजे होता जागेवरच, पण कामातून गेलेला. हा अपघात ते दर शुक्रवारी सांगत. ऐन भरात असले की त्यांची लॉरी ॲटलास डोंगराच्या घाटातून सुटून तीन दऱ्या ओलांडत असे आणि वाटेत एक गरुड त्यांना सलाम करून जाई. आतून त्यांची बायको लाल्ला रकिया सांगे, "सी जिलाली, लॉरी उभी होती. कांद्याची पोती उतरवताना तुम्ही फळीवरून पडलात."

"बाईला रस्ता कळत नाही," बा जिलाली पोरांना समजावत.

तिसरी घरात मसऊदा. ही भुऱ्या रंगाची, एक कान कुरतडलेली मांजरी. बा जिलाली सार्डिन खायला बसले की पहिला मासा तिचा. ती जेवून त्यांच्या मेलेल्या पायावर झोपे. त्या पायाला थंडी वाजते ते फक्त तिलाच कळतं, असं ते म्हणत. लाल्ला रकियाला हे ऐकून काय वाटे, ते कुणी विचारलं नाही.

आशुरा हा पोरांचा सण. खेळणी, ढोलकी, पाण्याचे फवारे. त्या दिवशी कुंभारटेकडीच्या उतारावरून डब्यांच्या गाड्यांची शर्यत व्हायची, आणि आदल्या दिवशी बा जिलालींच्या ओट्यावर गाड्यांची तपासणी. ते नाकावर चष्मा चढवत, गाडी उलटी करून पोट हुंगत, आस वाकवून पाहत, आणि पास झाली तर टपावर थुंकी लावलेला अंगठा उमटवत. नापास गाडीचा मालक घरी जाऊन जेवत नसे.

बूश्ता दहा वर्षांचा झाला त्या आशुराला त्याने खरी लॉरी बांधली. दोन डबे जोडून मागचा हौदा, एक कापून केबिन, मोडक्या छत्रीच्या काड्यांचे आस, दारावर निळा रंग. बा जिलालींच्या लॉरीची हुबेहूब नक्कल, शुक्रवारच्या गोष्टी ऐकून ऐकून केलेली. फक्त चाकं बुचांचीच होती आणि ती खडीवर खडखडत घसरत. बाकीची पोरं सपातांच्या तळव्यांची चाकं कापत, पण बूश्ताच्या घरात होत्या त्या सगळ्या सपाता पायांत होत्या.

तपासणीच्या आदल्या दुपारी बा जिलाली ओट्यावर घोरत होते. कुबडी भिंतीला टेकलेली होती. तिच्या बुडाशी काळ्या रबराची टोपी होती, जाड, कोरी, नुकतीच बसवलेली.

बूश्ताने पुढे जन्मभर स्वतःला सांगून पाहिलं, की आपण विचार न करता ती काढली. ते खरं नव्हतं. विचार त्याने भरपूर केला होता. टोपी काढायच्या आधीच त्याने घरातल्या तेलाच्या बुधल्याचं बूच कोरून, आईच्या सुरम्याने काळं करून खिशात ठेवलं होतं. टोपी काढली, बूच बसवलं. कुबडी होती तशी दिसायला लागली. घरी येऊन सुरी ओली करून त्याने टोपीच्या काकडीसारख्या चकत्या केल्या आणि त्या बुचांच्या चाकांवर ताणून चढवल्या. टायर. फरशीवरून लॉरी अशी गेली की आवाजसुद्धा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तपासणीच्या आधी, लाल्ला रकियाने सणाचं अंगण धुतलं होतं. पोरं गाड्या घेऊन दारात जमली. बूश्ताच्या लॉरीचा वास आत पोचला आणि मसऊदा बाणासारखी बाहेर सुटली. त्याच क्षणी बा जिलालींनी ओल्या फरशीवर कुबडी टेकली.

कंबरेचं हाड मोडलं.

"मांजर पायात आली," लाल्ला रकिया रडत सगळ्यांना सांगत होती. "माझ्या डोळ्यांनी पाहिलं. काळतोंडी मांजर पायात आली."

तेलाच्या बुधल्याचं बूच कुबडीतून निसटून गडगडत मोरीत गेलं. ते फक्त बूश्ताने पाहिलं. पोरांच्या घोळक्यात तो उभा होता, बगलेत लॉरी होती, आणि त्याला बोलायचं होतं. तोंडही उघडलं होतं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "बाजूला हो रे," आणि तो बाजूला झाला. त्या वर्षी शर्यत झाली नाही. तपासणीच झाली नाही, तर शर्यत कसली?

बा जिलाली दवाखान्यातून परत आले ते खाटेवर. आल्या दिवशी मसऊदा उडी मारून नेहमीच्या पायावर बसली. त्यांनी तिला हाताने खाली ढकललं. "हिला घेऊन जा," ते म्हणाले. "मी हिला पहिला मासा दिला आणि हिने मला असं बसवलं." गल्लीतल्या एका हातगाडीवाल्याने तिला साखरेच्या पोत्यात घालून बंदराकडे सोडलं.

तामूने आजाऱ्यासाठी साखरेची ढेप देऊन बूश्ताला धाडलं. त्याने ढेप दिली, आणि न राहवून लॉरीही दिली. बा जिलालींनी चष्मा मागितला. पडल्या पडल्या लॉरी उलटी केली, आस पाहिले, मग चाकावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"हे रबर कुठून आणलंस, मालेम?"

बूश्ताच्या कानात समुद्र वाजायला लागला. "मिळालं," तो म्हणाला.

"अस्सल आहे. हे घसरायचं नाही." त्यांनी टपावर ओला अंगठा उमटवला. "पास."

लॉरी रेडिओवर, विणलेल्या रुमालावर मांडली गेली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवत, "आजाऱ्याला पोरगं आपली गाडी देऊन गेलं. आहे का कुणाचं काळीज असं?"

बूश्ता मांजर शोधायला बंदरावर जाऊ लागला. पण साफीच्या बंदरावर भुरी मांजर शोधणं म्हणजे आशुराच्या गर्दीत ढोलकीवालं पोर शोधण्यासारखं. तो एकेक पकडून आणायचा, हातावर ओरखडे घेऊन. लाल्ला रकिया दार उघडायची. "ही आपली नाही." दुसरी. "हिचे दोन्ही कान धड आहेत, मुला." तिसरा तर बोका निघाला. मासळीच्या ढिगाऱ्यावर पोसलेली ती जनावरं पोत्यातून सुटली की अशी पळत, जणू त्यांना स्वर्गातून उचलून आणलंय. मसऊदाही तिथंच मजेत असेल, लठ्ठ झाली असेल, असं तो अंथरुणात स्वतःला सांगे. पण थंडी पडली की त्याला तो उघडा पाय आठवे. लाल्ला रकियाने त्याच्यावर घोंगडी घातली होती, पण बा जिलाली म्हणत, घोंगडी घुरघुरत नाही.

पोरगा मोठा झाला. मराकेश रस्त्यावर त्याने टायरांचं दुकान टाकलं. दुसरं काय टाकणार होता? आणि दर आशुराला तो ट्रकच्या टायरातून कापलेली नवी टोपी घेऊन बा जिलालींच्या दारात उभा. ते आता घरातल्या घरात, फार तर गल्लीच्या तोंडापर्यंत कुबडीवर जात.

"अरे, जुनी झिजली नाही अजून," ते म्हणत. "मला पाय एक, कुबडी एक, आणि रबरं दुकानभर. लाल्ला, याला मी मुलगा म्हणायचं की कारखाना?"

हे ऐकून बूश्ता हसे, चहा पिई, आणि दुकानात परतल्यावर एखाद्या निरपराध टायरावर हातोडा घाली. दरवेळी तो ठरवून जाई, की आज सांगायचं. आणि दरवेळी रेडिओवरची ती लॉरी त्याच्याकडे बघत असे.

बा जिलालींना हजला जायचा योग आला, तेव्हा बूश्ता सव्वीस वर्षांचा होता. हजला निघणाऱ्याने आधी साऱ्यांची माफी मागायची असते. बा जिलाली कुबडी टेकत घरोघर फिरले. पुदिनावालीची मागितली, कांदेवाल्या व्यापाऱ्याची मागितली, नापास केलेल्या पोरांची मागितली, त्या पोरांना आता स्वतःची पोरं होती. शेवटी ते टॅक्सी करून दुकानात आले. बूश्ताने त्यांना जुन्या टायरांच्या चवडीवर बसवलं.

"मालेम, काही चुकलं-माकलं असेल तर मला माफ कर."

"बा, तुम्ही माझी कसली माफी मागता?"

"रीत आहे. म्हण."

"माफ," बूश्ता म्हणाला.

"झालं. सगळी माणसं झाली." बा जिलालींनी मेलेला पाय चोळला. "एक राहिली. मसऊदा. मी रागात होतो. मुक्या जनावराला पोत्यात घातलं. पण तिने पाडलं होतं मला, म्हणजे निम्मा हिशोब तिच्याकडे, निम्मा माझ्याकडे. देव बघून घेईल."

यापुढे गप्प बसणं बूश्ताला जमलं नाही. टोपी, बूच, आईचा सुरमा, ओली सुरी, सगळं त्याने सांगितलं. सांगताना तो बा जिलालींच्या मोडक्या कंबरेकडे बघत होता. त्याला वाटलं होतं, ते कंबरेवरून बोलतील. घरात काढलेल्या वर्षांवरून बोलतील. त्याची त्याला तयारी होती.

बा जिलालींनी कुबडी उलटी करून बुडाच्या रबरावरून अंगठा फिरवला.

"म्हणजे ती नव्हती," ते म्हणाले.

"नव्हती, बा."

"म्हणजे निम्मा हिशोब तिच्याकडे नाही. सगळा माझ्याकडे."

"माझ्याकडे, बा. मला माफ करा."

"कंबर गेली ती माझी होती. ती मी तुला माफ केली. ती घे." ते कुबडीवर उठले. "पण मांजर माझ्या हाताने गेली. ती बिचारी माझ्या पायावर येऊन बसली होती आणि मी तिला ढकललं. सोळा वर्षं तिला शिव्या घातल्या. आता ती उद्या देवापुढं उभी राहील आणि विचारेल, मी काय केलं होतं? मी काय सांगू? तुझं नाव सांगू?"

"सांगा."

"देव म्हणेल, हात कुणाचा होता?"

टॅक्सीत बसताना त्यांनी बूश्ताचा आधार घेतला नाही. ड्रायव्हरचा घेतला.

हजयात्रा झाली, चाकांच्या खुर्चीवरून. परत आल्यावर त्यांनी गल्लीत घरटी खजूर वाटले. तामूच्या घरीही खजूर आले, पण फक्त "तामूसाठी" असं सांगून. रेडिओवरची लॉरी लाल्ला रकियाने कपाटात ठेवली, आणि तिथून ती भंगारवाल्याकडे गेली.

बूश्ता दर आशुराला जात राहिला. दारातून तो सलाम करी. सलामाला उत्तर देणं धर्माने बंधनकारक आहे, म्हणून बा जिलाली तेवढं उत्तर देत. पाच वर्षांनी ते मूत्रपिंडाच्या आजाराने गेले. त्याचा कंबरेशी काही संबंध नव्हता.