दिनकरला सांगितलेला अल्सर

डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर पालथा ठेवला आणि माझा अर्धा जीव तिथेच गेला.

"कॅन्सर नाहीये," ते म्हणाले. मी रंगमंचावरच्या नटासारखा हात जोडून वाकलो. "पण त्याच रस्त्यावर आहे. बैठिए."

मी बसलो. निदान होतं बॅरेट्स इसोफॅगस. पोटातलं ॲसिड वर्षानुवर्षं वर येत राहिलं की अन्ननळीचं आतलं अस्तर बदलतं, त्याला हे नाव. माझ्या अस्तरात डिस्प्लेसियाही होता, म्हणजे पेशी बिघडायला लागल्या होत्या. बारा वर्षं छातीत जळजळ होती. मी थंड दूध प्यायचो आणि वर शेव खायचो. इंदूरमध्ये जळजळ कुणाला होत नाही?

रस्ते दोन होते. एक, ऑपरेशन करून अन्ननळीच काढायची. दुसरा, दुर्बिणीच्या नळीतून आत जाऊन खराब अस्तर जाळायचं. तेव्हा मध्य प्रदेश बस्तरपर्यंत पसरलेला होता, आणि एवढ्या राज्यात हे काम करणारे बोटांवर मोजण्याइतके.

"नवीन आहे," डॉक्टर म्हणाले. "मी आतापर्यंत चौघांवर केलंय."

"कसे आहेत?"

"तिघं येतात तपासायला."

चौथ्याबद्दल मी विचारलं नाही. जाळायचं ठरलं.

घशात औषधाचा फवारा, दातांमध्ये प्लास्टिकची कडी. तोंड उघडं आणि बोलता येईना! बायको म्हणाली, "सिस्टर, ही कडी घरी न्यायला मिळेल का?" असं चार वेळा झालं. दर वेळी आठवडाभर पाणीसुद्धा निखाऱ्यासारखं उतरायचं.

त्याच सुमारास मुलीचं लग्न ठरत होतं. बापाला कॅन्सरच्या रस्त्यावरचा आजार, हे सासरी कळलं तर? आम्ही नवरा-बायकोने ठरवलं, बाहेर सांगायचं, अल्सर.

माझा मामेभाऊ दिनकर सांवेर रोडच्या कारखान्यात फोरमन होता. खिशात कायम ॲसिडिटीची गोळी. एक दिवस घरी येऊन म्हणाला, "दादा, खरं सांग, काय निघालं? मलापण कधीकधी घास अडकतो."

मी सिस्टर, कडी, बायको, सगळ्यांची नक्कल करून दाखवली. तो पोट धरून हसला.

"अल्सर रे. तू दूध पी."

"बस? मी फालतूच घाबरलो, भिया."

लग्न झालं. पंगतीत दिनकरनेच जिलबी वाढली. आठ महिन्यांनी त्याला दुधात भिजवलेली पोळीसुद्धा गिळता येईना. तोच डॉक्टर, तीच नळी. डॉक्टर बाहेर आले आणि मला म्हणाले, "ये जलाने की स्टेज नहीं है." ऑपरेशनचीही नव्हती. कॅन्सर यकृतापर्यंत गेला होता.

वॉर्डात दिनकरने विचारलं, "दादा, तुझा अल्सर नव्हता ना?"

"नाही."

"पोरीच्या लग्नासाठी?"

"हो."

"मी कोणाला सांगितलं असतं, यार?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्याने हात वर केला. "बस. आता हसवू नकोस."

माझे शेवटचे तीन रिपोर्ट स्वच्छ आहेत. डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण ते उपकार मला नीट पचत नाहीत. वर्षानुवर्षं जळजळ होत असेल, घास अडकत असेल, तर आत दुर्बीण घालून बघून घ्या. दुधाने आग शमते, आत काय चाललंय ते दिसत नाही. आणि कुणी विचारलं, तर आजाराचं खरं नाव सांगा.

दिनकरच्या तेराव्याला कुणीतरी माझ्या आजाराचं विचारलं, तेव्हा मी पूर्ण नाव सांगितलं, अर्थासकट. व्याही समोरच बसले होते. त्यांचा हात पानावर थांबला. मनात म्हटलं, आता होईल ते होवो.

हात धुताना ते माझ्याजवळ आले. म्हणाले, "मला आठ वर्षं जळजळ आहे. तुम्ही आधी का नाही बोललात?"