जावेचे डोळे

माझ्या आत्याचा उघड्या डोळ्यांचा फोटो या पृथ्वीवर नव्हता. मी तिळाचा ताड करून सांगतो अशी माझी ख्याती मोताळ्यापासून मलकापूरपर्यंत पसरलेली आहे, आणि ती पसरवण्यात माझ्या बायकोचा मोठा हात आहे. पण हे मात्र जसंच्या तसं. आत्याच्या आधार कार्डावर डोळे उघडे आहेत, हे खरं. त्याचं कारण असं सांगतात की, दोन शेजारणींनी दोन बाजूंनी तिच्या पापण्या वर ओढून धरल्या होत्या. तो फोटो बघून नातवाला ताप आला, म्हणून तो मी हिशेबात धरत नाही.

आता, ज्या बाईचा भाचा लग्नाचे फोटो काढून पोट भरतो, तिची ही गत! बसस्टँडसमोर माझं दुकान. दारावर माझ्या हातच्या नवऱ्या-नवरदेवांचे एवढाले फोटो. आणि आत्या दर लग्नानंतर दुकानात येऊन, पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारणार, "उघडले काय रे?"

"नाही आत्या."

"मंग काय शिकला तू इतके वर्स?"

दोष माझ्या जुन्या कॅमेऱ्याचाही होता. त्याच्या अंगावरचा काळा रंग घासून घासून आतली पितळ दिसायला लागली होती, आणि आवाज काय विचारता! बटण दाबलं की 'खटॅक!' अडकित्त्यानं आख्खी खारीक फोडल्यासारखा. मंगलाष्टकं चालू असताना भटजी त्याच्यावर ताल धरायचे. बोराखेडीच्या एका लग्नात मी खटॅक केलं आणि दाराशी बांधलेला गोऱ्हा दावं तोडून पळाला. तो अजून सापडला नाही म्हणतात. आत्या त्या आवाजाला घाबरायची आणि आवाज यायच्या आधीच डोळे मिटून घ्यायची. माझं बोट वाकलेलं तिला सात पंगतींपलीकडून दिसायचं. "एक, दोन, तीन" म्हणून मी दोनलाच बटण दाबून पाहिलं, तर ती एकलाच मिटून मोकळी.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण आमच्याकडे रीत अशी की, माणूस गेलं की घरचे लोक लग्नाचा अल्बम घेऊन फोटोग्राफरकडे येतात. घोळक्यातला चेहरा कापायचा, मागं निळा रंग भरायचा आणि मोठा करून फ्रेम द्यायची. आत्याला ही रीत पाठ. फुफाजींचा, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचा, फोटोही मीच तसा करून दिलेला. एका साक्षगंधाच्या पंगतीतून उचलला, हातातली जिलेबी पुसली. भिंतीवरून फुफाजी आता आख्ख्या घरावर डोळे वटारून असतात. त्यांच्या शेजारी आत्यानं स्वतःसाठी खिळा ठोकवून घेतला होता.

एकदा दुकानात दुसरं कोणी नसताना ती म्हणाली, "जित्तेपनी त्याहीच्या पुढं मी कवा मान वर केली नाही, बापू. आता भिताडावर तरी डोळ्याले डोळा देऊ दे मले. तिथं बी मिटून बसू काय?"

मी नेहमी काहीतरी चढवून बोलतो. त्या दिवशी एकच शब्द बोललो. "करतो," म्हणालो.

कॅमेऱ्यानं होत नाही ते कॉम्प्युटरनं करायचं, असं मी ठरवलं. कॉम्प्युटर माझा त्याच जमान्यातला. सकाळी चालू केला की अंघोळ, पूजा, चहा, शेजाऱ्याशी भांडण, एवढं उरकल्यावर पडदा उजळायचा. थंडीत त्याच्या डब्याच्या उबेला मांजर व्यायलं होतं आणि पिल्लं मोठी होईपर्यंत मी आवाज न करता काम केलं. त्याच्यावर अल्बम सेव्ह करायला टाकावा, मोताळ्याचा बाजार करावा, भाजी निवडावी. तरी निळी पट्टी अर्ध्यावरच. पण जीव मोठा होता बिचाऱ्याचा. नाही कधी म्हणाला नाही, फक्त उशिरा हो म्हणायचा.

तर आत्याच्या नातवाच्या लग्नाचा अल्बम. घरच्या सगळ्यांचा मोठा फोटो, मधोमध आत्या, डोळे मिटलेले. तिच्याच शेजारी तिची धाकटी जाऊ, तिला मी काकी म्हणतो. उजेड तोच, मान तशीच वळलेली, वयही जवळपास. मी काकीचे डोळे उचलले आणि आत्याला बसवले. कडा घासल्या, सुरकुत्या जुळवल्या. असं बसलं की देवालाही फरक कळला नसता.

देवाला नसता कळला. आत्याला कळला.

अल्बम मांडीवर घेऊन ती ओसरीवर बसली होती. पान उलटलं, चष्मा चढवला, उतरवला, पुन्हा चढवला.

"हे डोळे कोनाचे हायेत?"

"तुहेच, आत्या."

"माहे डोळे मी आरशात पाह्यले नाही काय? हे तिचे हायेत! नवरी होऊन आली तवापासून ह्याच डोळ्यायनं माह्या परातीत पाहून राह्यली ते!"

काकी दळण घेऊन चालली होती, ती डबा कमरेवर ठेवून तिथंच थबकली. अल्बमात डोकावली आणि जी हसत सुटली! "बाई, माहे डोळे नेले तं मंग माह्यावाला मोतीबिंदू बी घेऊन जा ना! अर्धा काऊन सोडता?"

"तू चूप बस वं!"

"कशी चूप बसू? आता तुम्ही गेल्यावर बी भिताडावरून मीच पाह्यणार भाऊजीइकडं. लोक काय म्हनतीन?"

या बोलण्याची आत्याला खरी धास्ती बसली. तिनं अल्बम मिटला आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी सोसलं असतं. ती नुसती नाराज झाली होती.

नवा कॅमेरा घ्यायचा, हे त्या ओसरीवरच ठरलं. घरी मी सांगितलं की सीझनला लागतो, गिऱ्हाईक आता विचारतं. बायको म्हणाली, "आत्याबाईच्या डोळ्यांसाठी घेऊन राह्यले ना?" मी म्हणालो छे. ती म्हणाली, "मंग चांगला घ्या." अशी बाई नशिबानं मिळते. मी हे तिला सांगितलेलं नाही, चढून बसेल.

पण नवा कॅमेरा घेणं म्हणजे जातिवंत म्हैस दाराशी आणणं. म्हैस आली की गोठा आला, गोठा आला की कडबा आला. कॅमेऱ्याला जुनं कार्ड चालेना. नवं कार्ड घेतलं, तर कॉम्प्युटरला त्याचं तोंड बसेना. तोंड बसवलं, तर फोटो उघडेना. कॉम्प्युटरचा डबा मोटरसायकलवर बांधून मलकापूरला नेला. तिथला दुरुस्तीवाला चाचा, त्यानंच तो कधीकाळी जोडून दिलेला. त्यानं झाकण उघडलं, आतली धूळ फुंकली, मांजराचे केस काढले, आणि नाडी पाहावी तसा पंख्यावर बोट ठेवून बसला.

"भाऊ, याची खिदमत झाली," तो म्हणाला. "याच्यापाशी आता नवीन काम मागनं म्हंजे आज्याले कुस्तीत उतरवनं हाये."

"काहीच होत नाही काय?"

"होते ना. याले घरी घेऊन जा, मांजरीले देऊन टाक."

नवा कॉम्प्युटर आला. तो बटण दाबायच्या आधीच चालू होतो, असं मला दर सकाळी वाटतं. जुना मी टाकला नाही. दुकानात माळ्यावर आहे, कापड झाकून.

आणि नवा कॅमेरा मुका निघाला! बटण दाबा, काही नाही. ना खट, ना चमक. अंधाऱ्या खोलीतही फ्लॅश मागत नाही. माणसाचा डोळा स्वतः हुडकून त्यावर हिरवी चौकट धरून ठेवतो. पण पहिल्याच लग्नात काय झालं, तर आहेर द्यायला स्टेजवर चढलेले पाहुणे उतरेचनात. फोटो घेऊन मी मोकळा आणि ही मंडळी छाती काढून खटॅकची वाट पाहत उभी. रांग मांडवाबाहेर, तिथून रस्त्यावर, आणि बुलढाण्याची एस.टी. अडली म्हणतात. शेवटी मी दर फोटोला तोंडानं "खटॅक!" म्हणत सुटलो. तीन दिवस घसा बसला होता.

त्यावरूनच मला आत्यासाठी युक्ती सुचली.

दुपारी आत्याच्या अंगणात गेलो. कॅमेरा तीन पायांवर उभा केला आणि मी चांगला दहा पावलं लांब, निंबाखाली जाऊन मोबाइल घेऊन बसलो. हा कॅमेरा मोबाइलवरूनही चालतो, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आत्या नवं लुगडं नेसून खुर्चीत ताठ बसली. काकी तिच्या पदराची घडी नीट करायला आली आणि तिथंच बाजेवर टेकली.

"काढ ना रे, काऊन थांबला?"

"मशीन तयार होऊन राह्यलं, आत्या. वेळ लागते."

"जुनं तरी बरं होतं. हे तं तुह्यापेक्षा बी आळशी दिसते."

"त्याले आधी पापन्या उचलणाऱ्या बाया लागत असतीन," काकी म्हणाली. "बोलावू काय दोघी?"

"तुह्या जिभेले हाड नाही वं!" असं म्हणत आत्या तिच्याकडे वळली आणि हसली. कानापर्यंत हसली. मी मोबाइलवर नुसतं बोट टेकवलं.

मग उठून तिला कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवलं. तिचा विश्वास बसेना. "आवाज तं आला नाही. निंघाला कसा?" मी मोठा करून दाखवला. डोळे उघडे होते, तिचेच, मध घातल्यासारखे पिंगट. मला आत्याच्या डोळ्यांचा रंग त्या दिवशी कळला. तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"मी अशी दिसतो?" म्हणाली.

"अशीच दिसता," काकी म्हणाली, "म्हनून तं भांडाले मजा येते."

अडचण एकच होती. फोटोत काकीही होती, आणि आत्या तिच्याकडे पाहत होती. मी म्हणालो, नव्या कॉम्प्युटरवर काकीला चुटकीसरशी पुसतो, मागं निळा रंग भरतो, मानही फुफाजींच्या बाजूला फिरवून देतो.

आत्यानं डोकं हलवलं. "राहू दे तिले. पुसू नको."

"पण तुले फुफाजीच्या डोळ्याले डोळा द्यायचा होता ना?"

"त्याहीनं लय पाह्यलं माह्याइकडं. आता पाहू दे त्याहीले, आमी दोघी हसून राह्यलो ते."

दोघींचा तो फोटो फुफाजींशेजारी लागला. आत्याला मरेपर्यंत थांबवेना, तिनं दुसऱ्याच दिवशी लावायला सांगितला. मागल्या आठवड्यात बियाण्यांचा एक एजंट त्यांच्याकडे आला होता, मीही तिथंच होतो. ओळीतल्या फ्रेमा बघून त्यानं चपला काढल्या, हात जोडले, डोळे मिटून घेतले आणि हळूच मला विचारलं, "दोघी एकदमच गेल्या का हो?"

आतून काकी ओरडली, "कुठं गेलो? चाय मांडून राह्यलो!"

एजंटानं डोळे उघडले, तर दारात आत्या. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"साखर किती टाकू?" तिनं विचारलं.