आधी शेजाऱ्याचं भात

ठाण्याहून निघाले तेव्हा दिवाळीचा सेल रंगात आला होता. आमच्या सोसायटीच्या गेटवर पार्सलवाल्यांच्या गर्दीत बिचाऱ्या भाजीवाल्याला आत शिरायला जागा मिळेना. रविवारी चर्चमध्ये, आमच्या भाषेत देवळात, आम्ही एकमेकांना "शांती असो" म्हणतो आणि बाहेर येऊन पार्किंगवरून हमरीतुमरीवर येतो. या सगळ्याचा वीट आला होता. तेवढ्यात माझी मावसबहीण मार्थाताई हिचा फोन आला, "भातकापणीला ये गं, हात कमी पडतायत." मी लगेच पिशवी भरली.

कल्याणहून मुरबाड, मुरबाडहून टोकावडे, असा एसटीचा प्रवास. टोकावड्याला उतरले आणि समोर बघतच राहिले. सह्याद्री आडवा पसरलेला, कडे सरळ आभाळात गेलेले, आणि पायथ्यापर्यंत पिवळं झालेलं भात. इतक्या मोठ्या डोंगरासमोर आपली पिशवीसुद्धा जड वाटायला लागते. ताईचे यजमान योहानदाजी मोटारसायकल घेऊन आले होते. "डोंगर कुठं पळत नाय, बसा आता," ते हसून म्हणाले.

त्यांच्या पाड्यावर ख्रिस्ती घर हे एकच. दाजींच्या वडिलांपासूनचं. संध्याकाळी ताईने उकडलेले करांदे (रानातला कंद) मिठासोबत पुढे ठेवले आणि शेजारच्या काशिनाथची कथा सांगितली. दोघांच्या शेतांमधला बांध गेल्या पावसाआधी काशिनाथने दाजींच्या शेतात हातभर आत सरकवला. इथे बांधावरून सख्खे भाऊ जन्माचे वैरी होतात. गावाने दाजींना सांगितलं, तलाठ्याकडे जा. दाजी गेले नाहीत.

"भित्रे आहात का?" मी तोंडावरच विचारलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

"असंन," दाजी म्हणाले आणि करांदा सोलत राहिले.

इथली रीत अशी, की कापलेलं भात शेतातच आडवं वाळू द्यायचं, मग भारे बांधून खळ्यावर आणायचे आणि त्यांची उडवी (रचलेली गंजी) करायची. मी गेल्यावर दोन दिवस आम्ही कापणी केली. माझी कंबर धरली, बोट विळ्याने कापलं, आणि ताईने त्यावर हळद दाबून वर टोमणाही मारला. शेजारी काशिनाथचंही भात कापून पडलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी घाटावर काळे ढग जमले. काशिनाथ घरच्यांना घेऊन मुरबाडला गेला होता, दिवाळीचा मोठा टीव्ही आणायला. इकडे आम्ही तिघं, दोन शेतं आणि एक ताडपत्री. पाऊस आला तर वर्षाचं खाणं चिखलात जाणार होतं. दाजींनी ताडपत्री खांद्यावर टाकली आणि सरळ बांध ओलांडून काशिनाथच्या शेतात शिरले.

"अवो, आपलं भात काय डोंगर उचलून आननार हाय?" ताई ओरडली. तीस वर्षांत ती पुरती इथली झाली आहे.

"त्याच्या शेतावर कोन नाय. आपल्या शेतावर आपून हाव."

"ज्यानं बांध खाल्ला त्याचं आधी?" मी म्हणाले.

"मी शेजारी निवडला नाय. प्रभूनं दिला तो ह्यो. चला, हात चालवा."

ताई पुटपुटत, शिव्या देत आली आणि आमच्या सगळ्यांहून भराभर भारे बांधायला लागली. मीही वाहिले. काशिनाथच्या खळ्यावर उडवी रचून ताडपत्री घातली, दोर आवळले, आणि मग आमच्या शेताकडे धावलो. आमचं जेमतेम निम्मं उचललं असेल, तोच पाऊस कोसळला. उरलेलं भात डोळ्यांदेखत पाण्यात बसलं. मला रडू आलं. दाजी निथळत उभे होते, चेहऱ्यावर दुःख स्पष्ट दिसत होतं. दुःख नसतं तर मला त्यांचं एवढं अप्रूप वाटलं नसतं.

दिवे लागायच्या सुमारास टेम्पो आला. टीव्हीचं खोकं तसंच टाकून काशिनाथ शेताकडे धावला. शेत रिकामं बघून तो तडक आमच्या दारात आला.

"माझं भात कुठं नेलंस रे? सांग, कुठं नेलंस?"

मी तोंड उघडणार, तर ताईने माझा दंड दाबला. दाजी शांतपणे म्हणाले, "तुझ्याच खळ्यावर हाय. ताडपत्रीखाली. सकाळी हवा लागू दे त्याला." एवढंच. काशिनाथ आल्या पावली खळ्याकडे वळला.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. भिजलेलं भात ठेवलं तर कोंब येतात, म्हणून ताईने ते झोडून उकडायला घेतलं. उकडे तांदूळ केले की तेवढं तरी वाचतं. चिखलात गेलं ते गेलंच. अंगणात मोठं तपेलं रटरटत होतं, तेव्हा काशिनाथची बायको लाकडांचा भारा घेऊन आली आणि चुलीपाशी बसून जाळ सारत राहिली. ताईने तिला चहा दिला. दोघी पावसाबद्दल बोलल्या, बाकी कशाबद्दल नाही. त्या अंगणात बसून मला आमचं देऊळ आठवलं आणि वाटलं, उपासना इथे चालली आहे.

निघायच्या दिवशी दाजी वाळवणात गुंतलेले. काशिनाथ स्वतःहून म्हणाला, "मी सोडतो पाहुण्या ताईंना टोकावड्याला." स्टँडवर गाडी उभी करून त्याने विचारलं,

"योहानदादा माझ्याबद्दल काय बोलला तुमाला?"

"काहीच नाही."

"परवा मी दारात बोंबललो, त्याचं?"

"तेही नाही."

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, ताई. शिव्या परत देता येतात."

एसटी आली. खिडकीतून फार्महाउसच्या प्लॉटच्या पाट्या मागे जात होत्या, प्रत्येकीवर "तुमच्या हक्काची जागा". मी त्या वाचत होते आणि डोळे पुन्हा पुन्हा भरून येत होते.

रविवारी देवळात ही हकीकत सांगितली. सगळ्यांनी एकच विचारलं, "मग त्याने बांध परत केला का?" मला माहीत नाही. दाजींना फोन करून विचारावं, असं मनात आलं होतं. पण काशिनाथचे भारे उचलायच्या आधी त्यांनी हा प्रश्न विचारला नव्हता. मग मी कोण विचारणारी?