कारणाच्या रकान्यातली अर्चना

"मॅडम, लग्नवाल्या किती झाल्या?" नजमा आपांनी विचारलं.

"सात."

"या अल्ला! ये कॉलेज है की शादी का दफ्तर?"

नजमा आपा आमच्या ब्युटी कॉलेजच्या मालकीण. औरंगपुऱ्यात कापड दुकानाच्या वर दोन खोल्या, सहा खुर्च्या आणि शिकवायला मी एकटी. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. खेड्यातून येणाऱ्या पोरी आटल्या होत्या. शहराच्या कडेला मात्र नव्या सोसायट्या आणि सोसायटीगणिक पार्लर. त्यांना शिकलेल्या मुली हव्या होत्या, आणि आमच्या खुर्च्या रिकाम्या. म्हणून आपांना माहितीपत्रक काढायचं होतं. आपल्या मुली आज कुठं कामाला आहेत, ते त्यात छापायचं. त्यासाठी मागच्या बॅचचं रजिस्टर उघडलं होतं.

रजिस्टरात शेवटचा रकाना 'कारण'. मुलीनं कोर्स मधेच सोडला की तो भरायचा. आमची पद्धत सांगायची लाज वाटते, पण सांगते. पंधरा दिवस मुलगी दिसली नाही की मी तिथं 'लग्न' लिहून मोकळी. अठरा-वीसच्या पोरी, दुसरं काय असणार?

"फोन लावा एकेकीला," आपा म्हणाल्या. "शादी झाली तर झाली. घरी पार्लर चालवत असेल तर छापू की."

पाचवं नाव अर्चनाचं होतं. तिथं माझं बोट थांबलं.

अर्चना गंगापूरची. रोज एसटीनं यायची. काय हात होता त्या पोरीचा! तिनं केसांतून नुसता कंगवा फिरवला तरी खुर्चीतल्या बाईचे डोळे मिटायचे. इतकी वर्षं शिकवतेय, तसा हात पुन्हा बघितला नाही. ती गेल्यावर जिन्यात चपला वाजल्या की मी दाराकडं बघायचे. पोरी हसायच्या, "मॅडम, आम्हीच आहोत!" तिची फार आठवण यायची आणि तेवढाच रागही. एक प्रॅक्टिकल नि परीक्षा एवढंच राहिलेलं, आणि ही बया बोहल्यावर चढून बसली! साधी पत्रिका द्यायलाही आली नाही.

फोन तिच्या आईनं उचलला.

"मी अर्चनाची मॅडम. कशी आहे ती? सासर कुठलं?"

"कुणाचं सासर? तिचं लगीन कुठं झालंय अजून?"

"मग यायची का बंद झाली?"

"तुमीच नव्हतं का सांगितलं, मॅडम, पाण्याचं?"

पाण्याचा तो नियम माझाच होता. शेवटचं प्रॅक्टिकल शॅम्पूचं. ज्या बाईवर सराव करायचा तिला आम्ही मॉडेल म्हणतो. तिचे केस धुऊन, सुकवून, सेट करून दाखवायचे. एका डोक्याला बादलीभर पाणी लागतं, असं मी शिकवायचे. त्या उन्हाळ्यात नळाला पाणी नव्हतं. मग मी फर्मान काढलं: दहा लिटरचा कॅन घरून आणायचा. कॅन नाही तर प्रॅक्टिकल नाही. शहरातल्या पोरी स्कूटीवर पायाशी ठेवून आणायच्या. एसटीनं येणारीचं काय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

रविवारी जीपमध्ये बसून गंगापूरला गेले. अर्चना घरीच होती. वाळूजला कंपनीत पॅकिंगला जात होती, तो तिचा सुट्टीचा दिवस.

"अगं, मला बोलायचं तरी!"

"काय बोलणार, मॅडम? टँकर चौथ्या दिवशी यायचा. आई दोन हंड्यांसाठी उन्हात उभी राहायची. त्यातलं केस धुवायला मागू?"

"परत ये. पाण्याचं मी बघते. फी नको मला."

"आता नाय जमायचं. घरात माझाच पगार येतोय." ती खाली बघत म्हणाली, "मन लई व्हतं, मॅडम. अजून बी हाय. लाइनवर डबे भरताना बोटं आपोआप भांग पाडायला लागतात."

मग आत जाऊन तिनं प्रॅक्टिकलची वही आणली. पानोपानी माझी सही. शेवटचं पान कोरं.

"एवढीच राहिली. आज मॉडेल तुमी व्हता का?"

आईनं हंड्यावरचं झाकण काढलं.

मी अंगणात पाटावर बसले. तिनं मोजून चार तांबे घेतले. एकात केस भिजवले. शॅम्पू थेट न ओतता वाटीत पाण्यात कालवला, बोटांनी मुळांशी लावला. उरलेले तीन तांबे कपाळापासून मागं, बारीक धारेनं. खाली घमेलं ठेवलेलं, ते पाणी आईनं लिंबाच्या बुडाशी ओतलं. माझे डोळे वाहायला लागले. तिला कळलं.

"मान हलवू नका, मॅडम," ती म्हणाली. ते वाक्य माझंच होतं, रोज वर्गात म्हणायचे मी.

लाइट नव्हती. केस उन्हात, बोटांनी सुकवले. असे हलके झाले की मला माझेच वाटेनात. चार तांब्यांत! जे मी बादलीत शिकवत होते, ते ही चार तांब्यांत करत होती. हिला एकदा विचारलं असतं, तर कॅनचा नियम काढायची वेळच आली नसती. मी वहीवर सही केली.

सोमवारी आपांना ती पद्धत करून दाखवली. आपा म्हणाल्या, "और इस लड़की को हमने जाने दिया?"

कॅन त्या दिवसापासून बंद. अर्चनाला मात्र कोर्सच्या परीक्षेला कंपनीतून सुट्टी मिळाली नाही. माहितीपत्रक निघालं, त्यात तिचं नाव नव्हतं. फोन करायला दोन मिनिटं लागतात, हे मला मुलगी हातची गेल्यावर कळलं. आता विचारल्याशिवाय तो रकाना भरत नाही.

तिच्या नावापुढचं 'लग्न' मी खोडलं आणि 'पाणी' लिहिलं. ते वाचून बरं वाटेना. मग तेही खोडलं, आणि तिथं माझं नाव लिहिलं.