गरम ऑईलचं माप

कारखान्याच्या चेअरमनसाहेबांची परदेशी ऑटोमॅटिक गाडी मी चालवायचो. दुष्काळात कारखाना बंद होता, गाडी चालू होती. केजच्या मिस्त्रीनं गिअरचं काळं पडलेलं ऑईल काढून नवं, लालभडक भरलं आणि म्हणाला, "माप गरम झाल्यावरच कळतं. नेकनूरपर्यंत फिरवून आणू." पुढच्या सीटवर डबे होते, म्हणून तो मागं बसला.

वाटेत एका गावानं गाडी ओळखून रस्ता अडवला. सरपंचांनी मागच्या काळ्या काचेपुढं हात जोडून आटलेल्या विहिरीची सगळी हकीकत सांगितली. काच खाली होईल अशी अपेक्षा कुणाचीच नव्हती. आत मिस्त्री पुटपुटला, "इंजिन बंद करू नको बे, ऑईल थंड व्हईल." मी माझी काच बोटभर खाली करून निवेदन घेतलं. त्यांनी बॉनेटला हार घातला.

कारखान्याच्या पुढच्या सभेत साहेबांसमोरच सरपंच म्हणाले, "साहेब सोता येऊन आमचं ऐकून गेले."

घरी जाताना गाडीत साहेबांनी मला विचारलं, मी तिथं कधी गेलो होतो. मी घडलं तसं सांगितलं.

"ऑईल लई महत्त्वाचं हाय," ते म्हणाले. "दर आठवड्याला तपासत जा. गावं बदलून."