वरच्या पात्याचा पीळ

धनुष्य उलटलं तेव्हा बाबा माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. वरच्या टोकावरून दोरी एका बाजूने सटकली, लाकूड फाडकन उलटं वळलं आणि माझ्या जबड्याला चाटून भिंतीवर आपटलं. टाइलची कपची उडाली. बाबांना फक्त आवाज आला.

"लागलं काय गो?" हवेत हात फिरवत ते विचारत राहिले.

"नाही," मी म्हटलं आणि ओठावरचं रक्त ओढणीला पुसलं.

बाबा गिरणीत सुतार होते. गिरणी बंद पडल्यावर मरोळच्या एका कारखान्यात त्यांनी लाकडी खोकी बनवली. मग काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची वाट लावली. आता उजेड कुठे आहे एवढंच कळतं. आमच्या घाटकोपरच्या घरात, सातव्या मजल्यावर, ते दिवसभर खिडकीपाशी बसून असायचे. मी चाळिशीत तिरंदाजी शिकायला लागले होते, दर रविवारी मुलुंडच्या एका मैदानावर. टोकं पुढे वळलेलं लाकडी धनुष्य घरीच करता येईल का, असं मी सहज विचारलं, तर त्यांनी पहिल्यांदाच त्यांची हत्यारांची पेटी मागितली. डोळे गेल्यापासून ती कुणी उघडली नव्हती.

गावाहून काकांनी धामणीचं लाकूड पाठवलं. दोन वर्षं ते पलंगाखाली वाळलं. दुसरं लाकूड नव्हतं. मोदकपात्राच्या वाफेवर आम्ही दोन्ही टोकं वाकवली, रंधा मारला, आणि पहिल्यांदा दोरी चढवली त्या दिवशी हे झालं.

बाबांनी धनुष्याच्या मुठीपासून टोकापर्यंत अंगठा फिरवला. मुठीच्या वर-खाली लवणाऱ्या भागाला ते पातं म्हणायचे. "वरच्या पात्यात पीळ आहे," ते म्हणाले. "एक बाजू नरम, एक ताठ. दोरी नरम बाजूला पळते. ताठ बाजू घासायची, म्हणजे दोन्ही सारख्या लवतील. बघून सांग, कुठे पळते?"

मी दोरी अगदी सैल चढवली, टोक डोळ्यासमोर धरलं, दुसरा डोळा मिटला. "डावीकडे."

"मग उजवी घास. कानशीचे दहा हात. जास्त नाही."

मी धनुष्य खिडकीच्या ग्रिलला क्लॅम्पने आवळलं आणि कानस चालवली. दहा हात झाले. दोरी आणखी सरकली. पुन्हा दहा. तिसऱ्या वेळी दोरी टोकाच्या अगदी कडेवर आली. लाकूड घासलं की परत येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"हलक्या हाताने घासतेस ना? बघ नीट."

"बघतेय!"

"मग असं कसं होईल? तुझं चुकतंय काहीतरी."

"माझं नाही, तुमचं चुकतंय! तुम्हाला दिसत नाही बाबा!"

आमच्या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. दिवा लाव, पेपर वाच, हात धर, असं सगळं चालायचं. पण हे नाही. खाली रिक्षा रिव्हर्स घेत होती, तिचं ते टूंटूं सुरूच होतं. मला कानस खाली ठेवायचंही सुचेना.

मग ते उठले, भिंतीला हात लावत ग्रिलपाशी आले आणि पात्याच्या दोन्ही कडा चिमटीत धरून तपासू लागले. खूप वेळ. घाबरले की ते मालवणीवर यायचे.

"बघताना टोक खय होता? तुझ्याकडे?"

"हो."

"आणि घासताना?"

मी ग्रिलकडे पाहिलं. मूठ माझ्याकडे होती, टोक खिडकीबाहेर. बघताना जी माझी उजवी होती, ती घासताना डावी झाली होती. मी तीस हात नरम बाजूच घासत होते.

"बाबा..."

"नेलपॉलिश आण," ते म्हणाले.

ताठ कडेवर मी जाड तीन ठिपके दिले. वाळल्यावर त्यांनी ते बोटाने मोजले. "आता डावं-उजवं नाय. ठिपक्याची बाजू."

पण घासायला लाकूड फारसं उरलं नव्हतं. जेवढं झेपेल तेवढं, पाच-पाच हात करत, मी ठिपक्याच्या बाजूने काढलं. उरलेला पीळ त्यांनी धग देऊन काढायचा ठरवला. शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याची हॉट एअर गन मागून आणली. मी पात्यावर गरम हवा फिरवत होते. त्यांनी जाड फडक्यात टोक धरलं होतं. रंग बदलला की मला दिसणार, पण करपायच्या आधीचा वास त्यांना माझ्याआधी आला.

"थांब."

त्यांनी टोक हळूच उलट्या बाजूला पिळलं, सरळ रेषेच्या किंचित पलीकडे, आणि तसंच धरून ठेवलं. लाकडातून एक बारीक टक् आलं. ते कान लावून ऐकत होते. दुसरा टक् आला नाही.

"द्या माझ्याकडे."

"नको. हात बदलला की फिरेल."

लाकूड थंड होईपर्यंत त्यांनी टोक सोडलं नाही. मी समोर बसून होते. "सॉरी" म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "वारा घाल जरा." मी पेपरने वारा घातला, त्यांना आणि लाकडाला.

धगीने कोरडं झालेलं लाकूड लगेच ताणलं तर तडकतं, म्हणून आठ दिवस धनुष्याला हात लावला नाही. मग मी बाबांना स्वयंपाकघराच्या दारामागे उभं केलं आणि दोरी चढवली. ती टोकाच्या मध्यावर बसली नाही, पण कडेवरही गेली नाही. एक वीत ओढलं, सोडलं. दोन विती. पुन्हा पुन्हा, तीस वेळा. मग गालापर्यंत. लाकूड गप्प होतं.

"आहे ना जागेवर?" दारामागून आवाज आला.

"आहे. थोडी ठिपक्यांपासून लांब बसते."

"किती?"

"तांदळाच्या दाण्याएवढी."

"राहू दे तेवढी."

धनुष्य आम्ही ठरवलं होतं त्याहून खूपच नरम झालं. लांबचा पल्ला त्याने गाठत नाही. मैदानावरचे लोक हसतात. पुढच्या रविवारी मी बाबांना मुलुंडला नेलं. बाण सोडला की ते विचारायचे, "कुठे?" खाली गेला तर मी खाली म्हणायचे. चौथ्या बाणाला त्यांनी विचारण्याआधीच मान हलवली. तो गवतात पडल्याचं त्यांनी ऐकलं होतं.